उशाला दगड : इस्राएलाच्या पूर्वजांचा विश्वास आणि आपली वाडी

(कल्याण येथे झालेल्या सहायक सभासदांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मला आज विषय दिला आहे 'इस्राएलाचे मूळ पूर्वज आणि त्यांचा विश्वास'. म्हणजे अब्राहाम, इसहाक आणि याकोब. संडे स्कूलपासून ही नावं आपल्याला पाठ आहेत. मी थिऑलॉजीचा डिप्लोमा केला त्याला वीसेक वर्षं होऊन गेली. तेव्हाच्या परीक्षेत याच विषयावर मी लांबलचक उत्तर लिहिलं होतं आणि मार्कही चांगले पडले होते. पण खरं सांगते, हे तिघे मला समजायला लागले ते पुढे, कल्याण आणि मुरबाडच्या मधल्या वीटभट्ट्यांवर.

विषयात शिरण्याआधी एक कबुली. गेल्या वर्षी याच मेळाव्यात चहाच्या वेळी आपल्यातल्या एका काकांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "ताई, इतकी वर्षं तुम्ही कातकरी लोकांत जाता. आम्ही पैसे देतो, प्रार्थना करतो. आजवर किती जण प्रभूकडे आले?" त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. देणाऱ्याने विचारावं असाच तो प्रश्न आहे. मी मात्र काहीतरी बोलून वेळ मारून नेली. डोंबिवलीला घरी जाताना लोकलमध्ये स्वतःचाच राग आला. उत्तर नव्हतं म्हणून नाही, द्यायला धीर झाला नाही म्हणून. काका आज समोर बसले आहेत. त्यांचं उत्तर मी वर्षभर सांभाळून ठेवलं आहे. पण ते अब्राहामापासून सुरू होतं, तेव्हा थोडा वेळ द्या.

अब्राहामाची मालमत्ता

अब्राहामाचं घराणं ऊरचं. ऊर म्हणजे आजच्या इराकच्या दक्षिणेला. १९२२ पासून पुढे बारा वर्षं लेनर्ड वुली यांनी तिथे उत्खनन केलं तेव्हा मोठं, नांदतं शहर सापडलं. तिथून हे कुटुंब निघालं आणि हारानला येऊन थांबलं. हारान आजच्या तुर्कस्तानात आहे. तिथे देवाने हाक मारली. देश सोड, भाऊबंद सोड, बापाचं घर सोड. कुठे जायचं ते मात्र सांगितलं नाही, पुढे दाखवीन एवढंच म्हटलं. अब्राहाम तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. आपल्याकडे या वयाला माणूस कट्ट्यावर येऊन बसतो.

तो निघाला. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात या निघण्यालाच विश्वास म्हटलं आहे. आणि तिथेच आणखी एक गोष्ट आहे जी आपण वाचताना घाईने ओलांडतो. देवाने जो देश देऊ केला, त्याच देशात अब्राहाम परक्यासारखा राहिला; इसहाक आणि याकोब यांच्यासह तंबूत राहिला. वचन मिळालं होतं, पण देशाचा कागद नव्हता. तीन पिढ्यांची खूण म्हणून काय उरलं? तंबू, रचलेल्या दगडांच्या वेद्या आणि खणलेल्या विहिरी. त्या विहिरीही सुखाने मिळाल्या नाहीत. इसहाकाच्या माणसांनी गरारच्या खोऱ्यात विहीर खणली, की तिथले गुराखी येऊन म्हणत, पाणी आमचं. इसहाक भांडत बसला नाही, पुढे सरकून दुसरी खणली. तिथेही वाद. मग तिसरी.

आमच्या वाडीवरच्या बायकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा कोणालाच नवल वाटलं नाही. विहिरीवरून उठवलं जाणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागत नाही.

वीस वर्षांची उचल

आता याकोबाकडे येते. कातकऱ्यांमध्ये सगळ्यात लाडका पूर्वज हाच आहे आणि त्याचं कारण गमतीचं आहे.

तुमच्यापैकी जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगते. कातकरी किंवा काथोडी म्हणजे खैराच्या झाडापासून काथ काढणारे. जंगलातला तो धंदा गेला आणि हे लोक भूमिहीन मजूर झाले. महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिम जमाती मानलं आहे, त्यांत कातकरी आहेत. बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. ठाणे, पालघर आणि रायगड या जिल्ह्यांत त्यांची मोठी वस्ती आहे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की वाड्या रिकाम्या होतात. घराला कुडाचं दार लावून अख्खं कुटुंब वीटभट्टीवर जातं, ते पाऊस तोंडावर येईपर्यंत. मुलांची शाळा तिथेच तुटते.

भट्टीवर जायचं कारण बहुतेक वेळा उचल. आजारपणासाठी, पावसाळ्यातल्या धान्यासाठी आणि सगळ्यात जास्त करून लग्नासाठी मालकाकडून आगाऊ पैसे घ्यायचे आणि ते दोघा नवराबायकोने विटा थापून फेडायचे. मध्यरात्र उलटली की गारा कालवायला सुरुवात. हजार विटांमागे अमुक एक दर. आठवड्याला हातात मिळते ती फक्त खर्ची, मीठमिरचीपुरती. हंगामाच्या शेवटी हिशोब होतो, आणि वही मालकाची असते. वेठबिगारीविरुद्ध कायदा १९७६ सालीच झाला. सगळे मालक वाईट असतात असंही नाही. पण ज्याला लिहिता येत नाही त्याचा हिशोब दुसऱ्याने लिहिला की काय होतं, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे.

एका भट्टीवर संध्याकाळी शेकोटीभोवती आम्ही बसलो होतो. कोणीतरी म्हणालं, "ताई, गोष्ट सांगा." मी याकोबाची सांगितली. घरातून पळालेला पोरगा मामाकडे गेला. मामाच्या धाकट्या मुलीवर जीव जडला. हातात पैसा नाही, म्हणून सात वर्षं राबायचं ठरलं. सात वर्षं झाल्यावर मामाने थोरली गळ्यात बांधली. धाकटीसाठी पुन्हा सात वर्षं. मग शेरडामेंढरांसाठी आणखी सहा. वीस वर्षं. दिवसा उन्हाने होरपळला, रात्री थंडीने गारठला, डोळ्याला डोळा नाही. आणि मामाने त्याची मजुरी दहा वेळा बदलली. हे सगळं उत्पत्तीच्या एकतिसाव्या अध्यायात याकोब स्वतः लाबानाला तोंडावर सुनावतो.

सगळे गप्प झाले. मग एक तरुण, ज्याचं त्याच वर्षी लग्न झालं होतं, हळूच म्हणाला, "म्हणजे ताई, लग्नाच्या उचलीतच अडकला ना तो?"

बंधुभगिनींनो, डिप्लोमाच्या पुस्तकांत मी याकोबावर कितीतरी पानं वाचली होती. असं वाक्य कुठे सापडलं नव्हतं. इस्राएल हे नाव ज्याला देवाने दिलं, ज्याच्या बारा मुलांपासून बारा वंश झाले, तो उचलीतला मजूर होता. त्या तरुणाने त्याला लगेच ओळखलं, कारण तो त्याच्याच भट्टीवरचा होता.

पण याकोब नुसता बिचारा होता असं मात्र आपण सांगू नये. मामाने फसवलं, पण मामाकडे येण्याआधी याने आंधळ्या बापाला फसवून भावाचा आशीर्वाद घेतला होता. आपल्या या पूर्वजांची चरित्रं पवित्र शास्त्राने धुऊनपुसून लिहिलेली नाहीत. अब्राहामाने जिवाच्या भीतीने बायकोला बहीण म्हणून सांगितलं, तेही दोनदा. इसहाकाने थोरल्याला जवळ केलं, रिबकेने धाकट्याला, आणि घर फुटलं. विश्वास म्हणजे चांगुलपणाचं सर्टिफिकेट नव्हे. देवाने हाक मारली आणि ही माणसं, होती तशी, लंगडत का होईना, त्याच्यामागे चालत राहिली. यब्बोकच्या उतारानंतर याकोब तर खरोखरच लंगडत चालला.

मी "सकाळी येते" म्हणाले

आता जे सांगणार आहे ते मला सोपं नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. फेब्रुवारी महिना होता. कल्याण तालुक्यातल्या एका भट्टीवर आमच्या वाडीतली एक म्हातारी होती. मी तिला आजी म्हणायचे. मुलगा आणि सून विटा थापत आणि ती नातवंडं सांभाळी. छातीत कफ झाला होता. रात्री साडेदहाच्या सुमाराला तिच्या मुलाचा फोन आला. आजी गेली होती. तो म्हणाला, "ताई, तुम्ही या." मी दिवसभराच्या कामाने दमले होते, घरी मुलीला ताप होता. मी म्हणाले, "सकाळी येते."

सकाळी आठला पोचले तेव्हा ते लोक तिथे नव्हते. पहाटेच ते गावाच्या स्मशानात गेले होते. या कुटुंबात पुरण्याची रीत होती. तिथल्या चौघांनी सांगितलं, तुम्ही इथले नाही, इथे पुरायचं नाही. माझ्यासारखी शिकलेली बाई सोबत असती, पोलीस पाटलांशी बोलली असती, तर कदाचित वेगळं झालं असतं. शेवटी विटांच्या टेम्पोत घालून तिला तीसेक किलोमीटरवरच्या वाडीत नेलं. मी मागोमाग गेले. तिथे दुसरी अडचण. वाडीत त्यांच्या तीन पिढ्या राहिल्या, पण ज्या जमिनीवर झोपड्या आहेत तिचा सातबारा दुसऱ्याच्या नावावर. त्यांनी निरोप पाठवला की आमच्या जागेत पुरू नका. तेव्हा ओहोळाच्या काठाला, जंगलखात्याच्या हद्दीत, तिन्हीसांजेला आजीला मूठमाती दिली. मुलाने ओहोळातला एक दगड आणून तिच्या डोक्याच्या बाजूला रोवला. मी उभी होते. प्रार्थना करायला तोंड उघडेना.

त्या रात्री घरी येऊन मी उत्पत्तीचा तेविसावा अध्याय काढला. सारा एकशे सत्तावीस वर्षांची होऊन हेब्रोनला वारली. अब्राहाम तिच्यासाठी रडला, मग उठून तिथल्या हेथी लोकांपुढे उभा राहिला. त्याने आधी आपली ओळख काय दिली? मी देवाचा निवडलेला आहे, हा सगळा मुलूख मला मिळणार आहे, असं काही नाही. मी तुमच्यामध्ये परका आणि उपरा आहे, माझ्या माणसाला पुरायला जागा द्या, एवढंच. एफ्रोन आधी म्हणाला, घ्या की फुकट. मग बोलता बोलता किंमत सांगून गेला, चारशे शेकेल रुपं. अब्राहामाने घासाघीस केली नाही. वेशीत बसलेल्या सगळ्यांच्या साक्षीने तोलून दिले. आणि तिथे जी नोंद आहे ती वाचा. शेत, त्यातली मक्पेलाची गुहा आणि शेताच्या हद्दीतली सगळी झाडं. अगदी सातबारासारखी नोंद आहे.

वचनदत्त देशात अब्राहामाच्या नावावर झालेली ही पहिली जमीन, आणि ती कबरेची. पुढे तो स्वतः, इसहाक, रिबका, लेआ आणि याकोब तिथेच पुरले गेले. राहेल मात्र नाही. ती वाटेत बाळंतपणात गेली. एफ्राथच्या रस्त्यालाच तिला पुरून याकोबाने वर एक स्तंभ उभा केला.

आजवर मी या अध्यायाला फार महत्त्व देत नसे. त्यात चमत्कार नाही, देव बोलत नाही. त्या रात्री मला कळलं की आपल्या माणसाला सन्मानाने मातीत ठेवता येणं ही विश्वासाच्याच कामातली गोष्ट आहे. आणि हेही कळलं की मी ज्या रात्री गेले नाही, त्या रात्री तिथे देव होता. अब्राहामाच्याच घरातून जाचाला कंटाळून पळालेली हागार, परक्या देशातली दासी, रानात एकटी पडली होती तेव्हा तिने देवाला नाव दिलं, मला पाहणारा देव. घरच्यांनी पाहिलं नाही, त्याने पाहिलं. आजीच्या मुलाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही आलात ना." मला त्याहून जास्त काही मिळायचा हक्क नव्हता.

टेंभी नाक्यावरचं स्वर्गाचं दार

तुम्ही म्हणाल, ताईंनी इस्राएलाचे पूर्वज वीटभट्टीवर आणून ठेवले. पण ज्यांचे ते रक्ताचे पूर्वज, ते लोक तर आपल्या शेजारीच राहतात. माझं बालपण ठाण्यात गेलं. आमच्या शाळेत काही मुलंमुली होती, ज्यांची आडनावं आपल्या कोकणातल्या गावांची, पेणकर, नवगावकर, दिवेकर अशी. आणि नावं शास्त्रातली. बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलाची लेकरं. त्यांच्या परंपरेत सांगतात, की सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. बुडालेल्यांना तिथेच पुरलं, आणि ती जागा आजही हे लोक मानतात. म्हणजे त्यांच्याही कोकणातल्या कथेची सुरुवात परक्या मातीतल्या कबरेनेच होते.

पोथ्या समुद्रात गेल्या. मग गावोगाव पांगून ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. शतकानुशतकं त्यांच्याजवळ काय उरलं होतं? शब्बाथ, मुलांची सुंता, खाण्यातला विधिनिषेध आणि 'शमा', म्हणजे देव एकच आहे ही कबुली. एवढ्यावर त्यांनी अब्राहामाचं नातं टिकवलं.

माझ्या मैत्रिणीच्या घरी एकदा मलिदा होता. पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं असा थाळा भरून ठेवतात, एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलीया संदेष्ट्याचं नाव घेतात आणि हिब्रूत प्रार्थना म्हणतात. पुढे मोठेपणी मला कळलं की त्या प्रार्थनेत इसहाकाने याकोबाला दिलेला, आकाशाच्या दहिवराचा आणि धान्याच्या विपुलतेचा आशीर्वादही असतो. तेव्हा मी लहान होते. मोठ्या उत्साहाने मैत्रिणीच्या आईला म्हणाले, "काकू, तुम्ही बायबलमधले लोक ना?" काकू हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, आम्ही टेंभी नाक्यावरचे लोक. मलिदा घे."

हे मी विसरत नाही. दुसऱ्याला आपल्या गोष्टीतलं पात्र करून टाकायची खोड आपल्याला असते. ज्यूंच्या बाबतीतही आणि आदिवासींच्या बाबतीतही.

टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या सिनॅगॉगचं नाव शआर हाशामाईम. १८७९ सालचं ते. नावाचा अर्थ स्वर्गाचं दार. हे शब्द कुठले, ठाऊक आहे? याकोबाचे. भावाला फसवून तो पळाला, सूर्य मावळला, निवारा नाही, तेव्हा उघड्यावर एक दगड उशाला घेऊन झोपला. स्वप्नात त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत उभी शिडी दिसली. जागा झाल्यावर घाबरून म्हणाला की परमेश्वर इथे होता आणि मला कळलंच नाही, हे तर स्वर्गाचं दार आहे. मंदिरात नव्हे. घरात नव्हे. ज्या रात्री त्याच्यापाशी नाव, घर, पुण्य यातलं काहीच नव्हतं, त्या रात्री, रस्त्याच्या कडेला.

भट्टीवर पोरं कच्च्या विटा उशाला घेऊन झोपतात. ती पाहिली की मला हे नाव आठवतं.

मिशनरींनी काय मिळवलं?

आता काकांच्या प्रश्नाकडे येते. त्याचं उत्तर बेने इस्राएलांच्या इतिहासातच आहे.

एकोणिसाव्या शतकात मुंबई आणि कोकणात आपले मिशनरी आले. अमेरिकन मराठी मिशनने शाळा काढल्या, त्यांत बेने इस्राएल मुलं शिकली आणि काही बेने इस्राएल शिक्षकही झाले. स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, खास या लोकांसाठी. मिशनरींची इच्छा काय होती ते उघड आहे. जुना करार वाचता वाचता हे लोक ख्रिस्ताकडे येतील.

झालं काय? फारच थोडे आले. बाकीचे हिब्रू शिकले, जुना करार मराठीत वाचू लागले आणि आपल्याच धर्मात अधिक घट्ट उभे राहिले. जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांच्यासारख्या विद्वानाने ज्यू प्रार्थनांची मराठी भाषांतरं केली. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या समाजाच्या मुलांसाठी शाळा सुरू केली आणि पुढे समाजाचा इतिहास लिहिला. आपल्याकडच्या हरिकीर्तनाच्या चालीवर अब्राहाम, योसेफ यांच्या कथांची मराठी कीर्तनं ते करू लागले.

बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत पाहिलं तर विल्सनसाहेबांचं ते व्याकरण वाया गेलं. मला तसं वाटत नाही. एका समाजाला त्याच्या पूर्वजांचं शास्त्र त्याच्या मायबोलीतून वाचायला मिळालं. ख्रिस्ती माणसाने केलेलं ते चांगलं काम होतं, आणि चांगल्या कामाची पावती मागायची नसते. पौलही रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात आपल्याला बजावतो की आपण परराष्ट्रीय म्हणजे दुसऱ्याच्या जैतुनावर लावलेलं कलम आहोत, तेव्हा मुळाशी फुशारकी मारू नये. अब्राहाम आपला झाला तो कृपेने झाला.

काका, अब्राहामाला देवाने रात्री बाहेर नेलं आणि तारे मोजता येतात का बघ म्हणून सांगितलं. त्याला मोजता आले नाहीत. मोजणं त्याच्याकडे दिलंच नव्हतं. त्याच्याकडे एवढंच होतं की त्याच्यामुळे पृथ्वीवरची सगळी कुळं आशीर्वादित व्हावीत. मम्रेच्या झाडांखाली भर उन्हात तीन अनोळखी माणसं आली, तर तो धावत गेला, पाय धुवायला पाणी दिलं, वासरू कापलं. आधी जातगोत विचारलं नाही. सदोमासाठी देवाशी हुज्जत घातली. सदोमातले लोक काही त्याच्या मंडळीचे सभासद नव्हते.

म्हणून प्रामाणिकपणे सांगते. आम्ही वाडीत कोणाला धान्य, औषध किंवा दाखला देताना बदल्यात काही मागत नाही, आणि मागणारही नाही. उचल देऊन माणूस बांधायची रीत भट्टीवर आहे, ती आपल्या सेवेत येऊ नये. कोणी विचारलं की ताई तुम्ही हे का करता, तर मी येशूचं नाव सांगते. लपवत नाही. पुढचं देवाचं.

मग वर्षभरात काय झालं? तुमच्या पैशांतून सगळ्यात जास्त खर्च कागदांवर झाला. कागद म्हटलं की कंटाळवाणं वाटतं. पण जातीच्या दाखल्यासाठी १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आणि ज्याचा आजा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावावर जमीन नाही, तो कुठून आणणार? मग गृहचौकशी, पंचनामा, पुन्हा पुन्हा तहसील कचेरी. आपले पूर्वज कोण हे सिद्ध करायला लागणं किती जिव्हारी लागतं ते बेने इस्राएलांना विचारा. इस्राएलमध्ये जाऊन राहिल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी त्यांच्याच ज्यूपणाबद्दल शंका घेतली. लग्नासाठी वंशाची चौकशी करू लागले. त्यांनी निदर्शनं केली, आणि १९६४ मध्ये तिथल्या सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचं जाहीर केलं. आपल्या राज्याने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला तो २०१६ मध्ये. कातकऱ्यांसाठी आता केंद्राची जनमन योजना आहे, २०२३ च्या नोव्हेंबरपासून. घर मंजूर होतं, पण घर बांधायला जागा कोणाची, हा प्रश्न राहतोच.

आमच्या वाडीने २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक दावा केला आहे. ग्रामसभेत तो वाचला गेला तेव्हा आजीचा मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "ओहोळाच्या काठची जागा पण लिहा. तिथे माझी आई आहे." ती जागा दाव्यात लिहिली आहे. नकाशावर त्या दगडाची खूण केली आहे. दावा अजून मंजूर झालेला नाही. कधी होईल सांगू शकत नाही. त्रुटी काढून एकदा परत आला, आम्ही पुन्हा भरला.

अब्राहामही वचन पुरं झालेलं पाहून गेला नाही. एकशे पंचाहत्तर वर्षांचा होऊन गेला तेव्हा त्याच्याकडे मक्पेलाचं शेत होतं, आणि त्याला पुरायला इसहाक आणि इश्माएल दोघे एकत्र आले होते. हाकललेला मुलगाही आला होता. मला ते वाक्य फार मोठं वाटतं. आज हेब्रोनमध्ये त्याच जागी ज्यू आणि मुसलमान दोघेही प्रार्थना करतात, आणि त्या गावात किती दुःख आहे ते आपण वाचतो. त्या दोघांसाठी आपण प्रार्थना करत राहू या.

तुमच्याकडे माझी तीन मागणी आहेत. दाव्याच्या कामासाठी जो निधी चालू आहे तो आणखी वर्षभर चालू ठेवा. दिवाळीनंतर भट्टीवर जाणाऱ्या मुलांपैकी निदान काहींना वाडीतच ठेवून शाळेत जाता यावं म्हणून त्यांच्या आजीआजोबांना धान्य लागेल, ते महिला संघाने पाहावं. आणि तरुण संघातल्या ज्यांना हिशोब येतो, त्यांनी हंगामाच्या शेवटी दोन शनिवार माझ्याबरोबर भट्टीवर यावं. आपली वही घेऊन बसू. विटा किती थापल्या, खर्ची किती घेतली, याची नोंद मजुराच्या बाजूनेही असली पाहिजे. याकोबाला ते कोणी करून दिलं नव्हतं.

आणि रात्री कोणाचा फोन आला तर, बंधुभगिनींनो, मी आता "सकाळी येते" म्हणत नाही. कधीकधी जाणं होत नाही, तेव्हा दुसऱ्या कोणाला तरी पाठवते. त्या दुसऱ्या कोणासाठीही मी तुमच्याकडे पाहते आहे.

अब्राहामाचा, इसहाकाचा आणि याकोबाचा देव, जो आपला प्रभू येशू ख्रिस्त याचा पिता आहे, तो आपल्याला तंबूतल्या माणसांची ओळख ठेवो. आमेन.